रेइयोला सांगायचं राहिलं ते

शुक्रवार, ६ सप्टेंबर

मायसूननं आज जेवताना सांगून टाकलं. ओत्सोला तिच्याशी लग्न करायचंय, तिलाही करायचंय, आणि जानेवारीपासून त्याला ओउलूत नोकरी आहे. ओउलू म्हणजे त्याचं गाव, फिनलंडमधलं. मी नकाशात शोधलं. एवढ्या वर माणसं राहतात हेच मला माहीत नव्हतं.

मी आकांडतांडव केलं नाही. शांतपणे विचारलं, "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही जाणार," ती म्हणाली. "तू मनापासून हो म्हणालास तरच जाईन, बाबा."

भांडली असती तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. ती उठून भांडी घासायला गेली. नबीहा माझ्याकडे बघत होती. बायको अशी बघायला लागली की मी चष्मा पुसायला घेतो.

पोरगा वाईट नाही, हीच तर पंचाईत. तीन वर्षं इथे मादबात पाण्याच्या पाइपांचं काम करतोय, अरबी बोलतो, मान खाली घालून बोलतो. एक खोट काढायला जागा ठेवलेली नाही. आणि मायसून एकुलती एक. आमच्या गावात, आम्ही ख्रिस्ती असो की शेजारचे मुसलमान, ज्याला मुलगा नाही तो एखाद्या न झालेल्या मुलाचं नाव लावून अबू अमका, म्हणजे अमक्याचा बाप, म्हणवून घेतो. मी नाही तसं केलं. ती जन्मली त्या दिवसापासून मी अबू मायसून. तिकडे ओउलूत त्याचं कोणाला काय म्हणा.

संध्याकाळी थोरला भाऊ आला, अबू जमील. मला वाटलं हा तरी खोडा घालेल. तर म्हणाला, "परदेशी असो नाहीतर चंद्रावरचा असो, मागणं घालायला मानकऱ्यांची रीतसर जाहा आली पाहिजे. मुलाकडचे समोर, आपण समोर. आणि हल्ली लोक भाड्यानं माजी मंत्री आणून पुढे बसवतात, ते सोंग माझ्यासमोर चालणार नाही. मुलाचा बाप येईल, तो बोलेल, कप त्याच्या हातात जाईल."

कपाची रीत साधी आहे. मागणं घालायला आलेल्यांच्या म्होरक्याला आपण कॉफी देतो. तो ती पीत नाही, खाली ठेवतो. मग आपण म्हणतो प्या, तो म्हणतो आमचं काम झाल्याशिवाय नाही. आपण शब्द दिला की तो पितो. आणि आधीच प्यायला, तर त्यानं आपलं मागणं आपणच परत घेतलं. नुहाच्या वेळी, चुलतभावाच्या मुलीच्या, मुलाच्या मामानं बोलण्याच्या नादात घोट घेतला. अबू जमील तिथल्या तिथे उठला, "तुमचं मागणं तुम्हीच गिळलंत, देव तुमचं भलं करो," म्हणाला आणि सगळ्यांना दारापर्यंत पोचवून आला. आमच्या घराण्यात दुसऱ्यांदा मागता येत नाही. नुहा अजून बिनलग्नाची आहे, दुबईत शिकवते.

"बाबा, कपाचं ओत्सोच्या बाबांना तू सांग," मायसून म्हणाली. "तूच सांगायचंस हं."

सांगीन म्हटलं. सांगायला काय लागतं? तीस वर्षं जर्मन प्रवाशांना या देशात फिरवलंय. परदेशी माणूस काय विचार करतो हे त्याच्या आधी मला कळतं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

व्याही होऊ पाहणाऱ्या गृहस्थांशी आज पहिल्यांदा बोललो, फोनवर, चेहरा दिसतो तसलं. नाव रेइयो. जन्मभर बर्फ फोडणाऱ्या जहाजावर इंजिन सांभाळलं. तरुणपणी जर्मनीत जहाजांच्या गोदीत होता, म्हणून जर्मन येतं. म्हणजे आमच्या घरात त्याच्याशी बोलू शकणारा मी एकटा. ओत्सो आहे म्हणा, पण स्वतःच्या मागण्यात मुलगा कसा बोलणार.

मी तब्येत विचारली, प्रवास विचारला, हवा विचारली. प्रत्येक प्रश्नानंतर तो नुसता बसून. मला वाटलं फोन अडकला. हॅलो हॅलो करत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "मी ऐकतोय. विचार करतोय."

हवेचा काय विचार करायचाय?

हा माणूस बैठकीत असा बसला तर आमचे लोक म्हणतील, घमेंडखोर आहे किंवा आजारी आहे. आज मला झोप लागणार नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

आले. रेइयो आणि त्याची बायको मार्केत्ता. दोघंही उंच, गोरे, कपड्यांना एक सुरकुती नाही. मार्केत्तानं मायसूनला स्वतः विणलेले लोकरीचे मोजे दिले. गुडघ्यापर्यंत येतात. इथे उकडून जीव चाललाय आणि मुलगी ते घालून घरभर फिरत होती.

नबीहानं मनसफ केला होता. रेइयोनं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. नबीहानं पुन्हा वाढलं, भात, मटण, वरून दह्याचा रस्सा. त्यानं पुन्हा स्वच्छ केलं. तिनं पुन्हा वाढलं. आमच्याकडे रिकामं ताट म्हणजे अजून हवंय. त्यांच्याकडे ताटात टाकलं की यजमानाचा अपमान. दोघंही एकमेकांचा मान राखत होते. तिसऱ्या वेळी त्याच्या कपाळावर घाम आला. मी सांगणार होतो, पण नबीहा इतकी खूश दिसत होती की म्हटलं कशाला विरस करा.

"काय म्हणतायत?" तिनं विचारलं.

"फार आवडलं म्हणतायत," मी सांगितलं. खरं तर तो काहीच म्हणाला नव्हता.

सोमवार, ३० सप्टेंबर

ओत्सोकडून कळलं, रेइयो रात्रभर हॉटेलात ओकत होता. नबीहा माझ्यावर भडकली. "तुम्हाला कळत होतं ना? कळत होतं तर बोलला का नाहीत?"

एरवी बोलतो म्हणून बोलणी खातो, आता गप्प बसलो म्हणून.

मंगळवार, १ ऑक्टोबर

रेइयोला गाडीतून नेबोच्या डोंगरावर नेलं. मार्केत्ता बायकांबरोबर बाजारात गेली. चांगला मोकळा दिवस होता, सगळं शिकवून टाकायचं ठरवलं होतं. शिकवलंही. कप उजव्या हातात. बुटाचा तळवा समोरच्याकडे करायचा नाही. अबू जमील आत आला की उठायचं. बायका कशा आहेत असं बायकांची नावं घेऊन विचारायचं नाही. हात छातीवर कसा ठेवायचा ते दाखवलं. रिकामा कप हलवला की कॉफी पुरे, तेही सांगितलं.

त्यानं प्रत्येक गोष्ट करून दाखवली, शाळेतल्या मुलासारखी. मग म्हणाला, "आणि?"

मी म्हटलं, "बाकी काही नाही."

कपाची मुख्य गोष्ट राहिली. तिथे फार वारा होता. असल्या नाजूक गोष्टी वाऱ्यात ओरडून सांगायच्या नसतात. जाहा शुक्रवारी, अजून दोन दिवस आहेत.

बुधवार, २ ऑक्टोबर

"सांगितलंत?" नबीहानं सकाळी विचारलं. सांगतो म्हटलं. "सांगितलंत?" दुपारी. मी म्हटलं, बाई, माझं काम मला शिकवू नकोस.

प्लॅस्टिकच्या खुर्च्या सांगितल्या. कॉफी वाढणारा सांगितला. कोट घालून पाहिला, बटण लागत नाही.

मायसून खोलीत दोन बॅगा उघडून बसली होती. नुसतं बघते म्हणाली, काय मावतं ते. मी म्हटलं, अजून जाहा व्हायचीय, आधीच बॅगा कसल्या भरतेस. जरा जोरातच बोललो. तिनं बॅगा बंद केल्या आणि पलंगाखाली सारल्या. उलट उत्तर दिलं नाही. हल्ली ती मला उलट उत्तरच देत नाही, त्यानं जीव आणखी घाबरा होतो.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

सांगायला म्हणूनच हॉटेलवर गेलो. रेइयो बाहेर बाकावर बसला होता, मीही बसलो. कपाचं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात तोच बोलला. आपणहून. आल्यापासून पहिल्यांदा.

"आमच्याकडे हिवाळ्यात सूर्य फार वर येत नाही," तो म्हणाला. "मी ओत्सोला म्हटलं होतं, एवढ्या उन्हातली मुलगी इकडे आणू नकोस. रडेल ती. तो ऐकत नाही." मग म्हणाला, "ती आमच्याकडे रडायला लागली तर मला काय करायचं कळणार नाही. मला भीती वाटते."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, म्हणून मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. काय बोललो ते आठवत नाही. बहुधा खजुरांच्या भावाबद्दल बोललो. तो ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आणखी काही सांगायचंय, रिझक?"

"नाही," मी म्हटलं. "झोप नीट काढ."

घरी पोचल्यावर लक्षात आलं की कपाचं राहिलंच. दमला होता बिचारा, त्या वेळी डोक्यात आणखी काही भरणं बरं नव्हतं. उद्या शुक्रवारची सुट्टी, सकाळी चर्चनंतर सांगेन. एक वाक्य तर आहे.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर, सकाळी

चर्चमध्ये फार गर्दी होती. त्याच्या एका बाजूला ओत्सो, दुसऱ्या बाजूला पाद्री. जमलं नाही. कोटाचं बटण नबीहानं हलवून दिलं. काही चुकलं तर दोष रीतीला लागेल, कोणाला नाही. जे व्हायचं ते देवाच्या हाती.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सगळं नीट लिहून काढायचंय.

काल चारची वेळ दिली होती. आमच्याकडे चार म्हणजे पाच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती मंडळी चारच्या ठोक्याला दारात. अबू जमील तेव्हा बनियनवर खुर्च्या लावत होता. रेइयो, ओत्सो, पाद्री आणि ओत्सोच्या कामावरचे लोक दारात एका ओळीत उभे, आणि माझा भाऊ हातात खुर्ची घेऊन. त्यानं खुर्ची ठेवली, कोट चढवला आणि म्हणाला, "या. तुमचंच घर आहे." तेवढ्यात त्याची मान लाल झाली होती.

हळूहळू हॉल भरला. बायका पलीकडच्या खोलीत, मधलं दार उघडं. मायसूनची सावली मला दिसत होती. मी तिकडे बघत नव्हतो.

रेइयो बसला होता तसाच बसून होता, पाय जमिनीला टेकवून, हात मांडीवर. आमचे लोक हवापाणी बोलत होते, तो एक शब्द बोलत नव्हता. अबू जमील माझ्या कानाशी लागला. "हा असाच असतो?"

"असाच असतो," मी म्हटलं.

"बरंय," तो म्हणाला. "आपल्याकडे भुंकणारे फार झालेत."

मग कॉफी आली. वाढणाऱ्यानं कप रेइयोच्या हातात दिला. रेइयोनं तो उजव्या हातात घेतला, मी शिकवलं होतं तसा, आणि हॉलमधलं बोलणं थांबलं. सगळ्यांच्या नजरा त्या कपावर.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि कप उचलला.

आता खरं लिहितो, कारण ही वही मीच वाचणार. त्या क्षणी मला हायसं वाटलं. एक घोट, आणि सगळं संपलं. ओउलू नाही, जानेवारी नाही, पलंगाखालच्या बॅगा नाहीत. मला नाही म्हणावं लागलं नसतं. मायसूनला सांगता आलं असतं, मी काय करू बाळा, तुझ्या सासऱ्यानंच घात केला. वर्षभर रडली असती. पण माझ्या घरात रडली असती.

कप त्याच्या ओठांशी पोचला होता.

"रेइयो, थांब. खाली ठेव तो."

हे मी बोललो. जर्मनमध्ये, आणि इतक्या मोठ्यानं की वाढणारा दचकला. रेइयोचा हात तिथेच थांबला. मग त्यानं सावकाश कप खाली ठेवला, समोरच्या स्टुलावर. एक थेंब सांडला नाही.

"काय सांगितलंस त्याला?" अबू जमीलनं विचारलं.

खोटं सुचलं नाही. "म्हटलं, आधी मागा, मग प्या."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे, मुलीचा बाप मुलाकडून बोलतोय." हॉल हसला. अबू जमील हसला नाही. तो मला बघत होता, लहानपणी मी झाडावर चढून अडकलो की बघायचा तसा. "मग आपल्याकडून कोण बोलणार, अबू मायसून?" त्यानं विचारलं, पण रागानं नाही.

रेइयो उठून उभा राहिला. जर्मनमध्ये बोलला, आणि त्याचं बोलणं अरबीत सांगणारा दुसरा कोणी नव्हता. माझ्याच मुलीचं मागणं माझ्याच तोंडून, माझ्यापुढे. मी एकेक वाक्य सांगत गेलो. "हे म्हणतायत, आम्ही लांबून आलो. हे म्हणतायत, माझा एकच मुलगा आहे. हे म्हणतायत, मला नीट बोलता येत नाही, पण घर गरम ठेवता येतं. हे म्हणतायत, रिझकची मुलगी मायसून आम्हाला द्यावी." इथे मी चष्मा पुसायला काढला. पाद्रीबाबानं पाण्याचा पेला पुढे केला.

मग अबू जमीलनं उत्तर द्यायचं, घराण्याचा थोरला म्हणून. त्याऐवजी तो माझ्याकडे वळून बसला. सगळे माझ्याकडे वळले. लोक खाकरायला लागले, खुर्च्या करकरायला लागल्या, ओत्सोचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्या हॉलमध्ये एकटा रेइयो निवांत होता. त्या शांततेचा त्याला काही त्रासच नव्हता. तो संध्याकाळपर्यंत तसा बसला असता, कॉफीवर बुरशी चढेपर्यंत. घाई नको, सावकाश काय ते ठरव, असं त्याच्या बसण्यातच होतं.

मी पलीकडच्या दाराकडे पाहिलं. ती दारात येऊन उभी होती, ते लोकरीचे मोजे घालून.

"दिली," मी म्हटलं. "कॉफी प्या, गार झाली."

बायकांच्या खोलीतून आनंदाची आरोळी उठली. रेइयोनं कप उचलला, एका घोटात संपवला आणि हलवून परत दिला. मी शिकवलं होतं तसा.

पाहुणे पांगल्यावर मी हॉलच्या पायरीवर जाऊन बसलो. रेइयो शेजारी येऊन बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "कपाचं मला माहीत होतं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"मायसूननं उन्हाळ्यातच ओत्सोकडून सांगितलं होतं. म्हणाली, बाबाही सांगेल. तो सांगेल तेव्हा समजा की तो तयार आहे. मी वाट बघत होतो. गाडीत, डोंगरावर, बाकावर. दोनदा विचारलं. तू सांगितलं नाहीस."

"मी विसर..." म्हणता म्हणता मी थांबलो.

"आमच्याकडे माणूस गप्प राहिला तर तेच त्याचं उत्तर असतं," तो म्हणाला. "मला कळलं. तुला नाही म्हणायचंय, पण मुलीला तोंडावर म्हणवत नाही. म्हटलं, मी पितो. परदेशी गाढव चुकला, असं लोक म्हणतील. ओत्सो चिडला असता माझ्यावर. पण मुलगी तुझ्यावर चिडली नसती."

तीस वर्षं मी या लोकांना फिरवलं. आणि माझ्या मनातलं माझ्या आधी याला कळलं होतं. आत बायका भांडी आवरत होत्या. नबीहा मार्केत्ताला अरबीत काहीतरी समजावत होती, मार्केत्ता तिच्या भाषेत उत्तर देत होती, आणि दोघी हसत होत्या.

मग मी विचारलं, "जानेवारीत खरंच एवढा अंधार असतो?"

रेइयोनं विचार केला. या वेळी मी हॅलो हॅलो केलं नाही. "असतो," तो म्हणाला. "पण मी तिच्याशी रोज बोलेन."

"तू?"

"शिकेन." मग म्हणाला, "काय बोलायचं ते तू सांग."

मग मी सांगायला लागलो. सकाळी चहा होईपर्यंत तिच्याशी काहीच बोलायचं नाही. राग आला की ती भांडी घासते, तेव्हा जवळ जाऊन नुसतं फडकं घेऊन पुसत उभं राहायचं. ताप आला की सांगत नाही, कान लाल होतात त्यावरून ओळखायचं. टोमॅटो चिरताना गुणगुणते, ते थांबलं की समजायचं घर आठवतंय. रेइयो मान हलवत ऐकत होता. मध्येच त्यानं कानांचं पुन्हा विचारलं, दोन्ही कान लाल होतात की एकच. दोन्ही, मी म्हटलं, पण डावा आधी. नबीहा दोनदा जेवायला बोलवून गेली, पण अजून बरंच सांगायचं राहिलं होतं.